आमच्या लेखकाचं मोठं पुस्तक

३ मार्च

ऑपरेशन जाऊबाईंच्या घशाचं आणि बोलणी मला. डॉक्टर म्हणाले, "यांनी महिनाभर तोंडातून आवाज काढायचा नाही. कुजबुजही नाही. आणि तुम्ही घरात असताना ते कठीण दिसतंय." मी म्हटलं, मी काय केलं? म्हणाले, "आत्ता इथे बसल्या बसल्या तुम्ही त्यांना किती प्रश्न विचारलेत?" विचारले होते. उत्तर द्या असं थोडंच म्हटलं होतं?

घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मग तूही गप्प बस. मलाही जरा बरं वाटेल." माणूस एरवी तोंड उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा हे असं.

पण पोटातलं काढायचं कुठे? थोरले दीर गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. दिवसभर माझं तोंड चालायचं ते जाऊबाईंपुढे. कपाटात कुठल्या तरी औषध कंपनीची मागच्या वर्षीची कोरी डायरी सापडली. वार चुकीचे आहेत, पण मला वार माहीत आहे, छापलेला कशाला हवा? शाळा चौथीत सुटली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार कोण? जे त्यांना बोलले असते ते इथे लिहायचं.

५ मार्च

आज कामावर डोकं फिरलं.

आमचा कारखाना गणवेशाचा. खाली मशीन, वर आमचं हातकामाचं टेबल. काजवाली जाड कोटांची काजं हाताने करते, मी बटणं लावते, बाकीच्या तुरपाई करतात, धागे कापतात, आणि कोपऱ्यात इस्त्रीवाली उभी. वर मशीनचा आवाज येत नाही, त्यामुळे पूर्वी सगळ्यांच्या जिभा सुईपेक्षा जास्त चालायच्या आणि बटणं वाकडी लागायची. सुपरवायझरनं बोलणं बंद केलं. मग ठरलं की एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत काम करायचं. सुपरवायझर म्हणाली, पुस्तक उघडं असेल तर माझी हरकत नाही, गप्पा मात्र चालणार नाहीत. तेव्हापासून जाऊबाई वाचतात, आणि त्यांच्या वाटणीचे शर्ट आम्ही सगळ्या वाटून घेतो.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. जाऊबाईंची बोटं सांध्यात सुजतात. सुई धरवत नाही. वाचन आहे म्हणून त्यांची खुर्ची आहे.

आज सुपरवायझर म्हणाली, "वाचणारी नाही, तर खुर्ची कशाला अडवून ठेवता? धागे कापायला एक नवी बाई येतेय, तिला देते."

मी म्हटलं, "जाऊबाई येईपर्यंत मी वाचते."

सगळं टेबल हसलं. इस्त्रीवाली म्हणाली, "तू? तू औषधाच्या बाटलीवरचं वाचून संपवेपर्यंत रोगी आपोआप बरा होतो."

"होईल ना बरा, तुझं काय जातंय?"

सुपरवायझरनं खांदे उडवले. "टेबलाला चालत असेल तर मला चालेल. पण या बायका नको म्हणाल्या की खुर्ची गेली. मग तुमच्या जाऊबाईंनी बरं होऊन यायचं ते सुई हातात घ्यायला."

७ मार्च

मी युक्ती काढली. टेबल धरून ठेवायचं तर भारीतलं पुस्तक हवं. आणि सगळ्यात भारी पुस्तक आमच्या लेखकाचं अजून वाचायचं राहिलंय.

आमचा लेखक म्हणजे ज्याची पुस्तकं जाऊबाई सगळ्यात जास्त वाचतात तो. त्याचं खानावळीचं पुस्तक झालं तेव्हा टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यात खानावळीच्या मालकाची एक आत्याबाई आहे. अर्धी बहिरी, तोंडाची फटकळ, पण बोलली की नेमकं. मग नाविकाचं पुस्तक झालं, मग पोस्टमनचं. लोकांकडे गाड्या असतात, दागिने असतात. मला आवडता लेखक आहे. शेजारणीला मी हे दोनदा सांगितलंय. एकदा दवाखान्यात नर्सलाही सांगितलं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक न्यायाधीशाचं. त्याला बक्षीस मिळालंय, त्यावर सिनेमा निघालाय, मुलांना शाळेत धडा आहे. जाऊबाईंना विचारलं की म्हणायच्या, "ते शेवटी." साहजिकच आहे. चांगलं माणूस शेवटी राखून ठेवतं.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, मोठं पुस्तक आणतेय. त्यांनी जोरजोरात हात हलवला. माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "जाऊबाई, राखून ठेवायची ही वेळ आहे का? तुम्ही बऱ्या झालात की तुम्हाला पुन्हा वाचून दाखवीन, रुसू नका." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

१० मार्च

वाचनालयातल्या ग्रंथपालानं पुस्तक दोन्ही हातांनी दिलं, तान्हं मूल दिल्यासारखं. म्हणाला, "सावकाश वाचा हं." मी म्हटलं, मला दुसरं येतच नाही.

आज सुरुवात केली. बोट ओळीखाली धरून वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, आणि मी थांबले की इस्त्रीवाली इस्त्री आपटते. पण कोणी नको म्हटलं नाही.

गोष्ट अशी की एक म्हातारा न्यायाधीश निवृत्त होऊन आपल्या जुन्या घरी येतो. दारात उभा राहतो. आजच्यापुरतं एवढंच झालं.

१२ मार्च

अजून दारातच आहे.

१४ मार्च

काजवालीनं विचारलं, "किल्ली हरवलीय का त्याची?" मी म्हटलं, तो विचार करतोय. म्हणाली, "आत जाऊन करायला सांग."

त्यानं एकाला शिक्षा दिली होती, ती बरोबर की चूक, असा विचार चाललाय. आधी वाटलं मीच अडखळते म्हणून रंगत येत नाही. म्हणून काल घरी तयारी केली, अवघड शब्द आधी म्हणून पाहिले. आज घडाघडा वाचलं. घडाघडा वाचल्यावर जास्तच वाईट लागलं.

टेबलावरच्या बऱ्याच जणींनी सिनेमा पाहिलाय. तुरपाईवाली म्हणाली, "सिनेमात निदान त्याची बायको दिसायला बरी होती." पुस्तकात बायको आहे, पण ती खिडकीशी उभी असते आणि बाहेर धुकं असतं. धुक्यावर दोन पानं. मला धुक्याचं काही कळत नाही. धुकं आहे म्हटलं की मला कळतं, धुकं आहे.

१७ मार्च

इस्त्रीवालीनं आज सगळ्यांसमोर काढलं. "हे ऐकायला मी दुसरीचे शर्ट का करू? गप्प बसून काम केलं तर निदान झोप तरी येणार नाही."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. सुपरवायझर जिन्यात उभी होती, तिनं ऐकलं. जाता जाता मला म्हणाली, "या आठवड्याअखेर बघू."

घरी जाऊबाईंना सांगितलं नाही. कसं वाचन चाललंय असं त्यांनी भुवया उडवून विचारलं. मी म्हटलं, झकास. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भांडी घासायला उठल्या.

लेखकाचा राग आलाय. बाकीची पुस्तकं अशी आणि सगळ्यात गाजलेलं हे असं? बक्षीस देणारे बसून वाचतात की उभ्या उभ्या?

१८ मार्च

आता खानावळीचं पुस्तक पुन्हा वाचणार. आत्याबाईवर टेबलाचा जीव आहे. ती आली की इस्त्रीवालीसुद्धा इस्त्री खाली ठेवायची. कामावरून थेट वाचनालयात गेले. ग्रंथपाल म्हणाला, "एवढ्यात झालं?" मी म्हटलं, त्याला अजून दार उघडायचंय, तोवर हे द्या.

१९ मार्च

काहीतरी गडबड आहे.

वाचायला घेतलं तेव्हा सगळ्या खूश. खानावळ आली, मालक आला, पावसाचं वर्णन आलं. मी वाचतेय, वाचतेय, आत्याबाई काही येईना. जिथे मालकाच्या मुलीचं लग्न ठरतं तिथे आत्याबाई मधेच बोलते, ते मला पाठ आहे. तिथे नुसतं "सर्वांनी संमती दिली" असं लिहिलंय.

तुरपाईवाली म्हणाली, "अगं, आत्याबाई गाळलीस की काय?" मी म्हटलं, मी शब्दसुद्धा गाळत नाही, मला गाळता येतच नाही. "मग गेली कुठे?" पुढची पानं उलटली. नाही.

इस्त्रीवाली म्हणाली, "हिच्या वाचण्याला कंटाळून गेली असेल घर सोडून." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला हसू येत नव्हतं.

पुस्तकाची पानं कोणीतरी फाडलीत. चांगल्या पुस्तकाला लोक असंच करतात.

२० मार्च

ग्रंथपालाशी भांडण झालं. मी म्हटलं, आत्याबाईची पानं फाडलीत. त्यानं पुस्तक माझ्यासमोर धरून पानांचे आकडे दाखवले. एकही तुटलेला नाही. म्हणाला, "या कादंबरीत आत्या नाही, बाई. मी तीनदा वाचलीय."

"मग जुन्या छपाईत असेल."

"जुनी पण आहे माझ्याकडे." आणली. तिच्यातही नाही. मग नाविकाचं पुस्तक मागितलं. शेवटचं पान काढलं. नाविक बुडतो. आमच्या टेबलावर तो परत आला होता. चार वर्षांनी, दाढी वाढवून, मागच्या दारानं. त्या दिवशी मी इतकी रडले की बटणं ओली झाली.

ग्रंथपालानं मला खुर्ची दिली. मी बसले नाही. घरी आले.

जाऊबाई गॅसजवळ होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई तुमची?"

त्यांनी गॅस बारीक केला. मान हलवली, हो.

"नाविक परत आला ते?"

हो.

"पोस्टमनची सासू?"

हो.

"मग त्या लेखकाचं काय होतं?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. आभाळ, रस्ता, समोरचं झाड. म्हणजे वर्णनं त्याची. मग बोटं मोजून दाखवली आणि ओठांनी एक-दोन नावं म्हटली, आवाज न काढता. नावंही त्याची.

"आणि मोठं पुस्तक का नाही वाचलंत?"

त्यांनी डोळ्यांसमोर दोन्ही हातांची चौकट केली. सिनेमा. गोष्ट सगळ्यांना माहीत. त्यात काही घुसवलं असतं तर टेबलानं लगेच पकडलं असतं.

म्हणजे ते राखून नव्हतं ठेवलं. टाळलं होतं.

२१ मार्च

मी जगाला सांगत फिरले की माझा एक आवडता लेखक आहे. आणि तो माझ्याच मोरीत भांडी विसळत होता.

जाऊबाईंशी अबोला धरलाय. त्या तशाही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना कळलं की नाही कोण जाणे. यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "वहिनी लहानपणापासून बनवून सांगते, असं दादा म्हणायचा. त्याला आवडायचं नाही."

राग कसला आलाय ते नीट सांगता येत नाही. मला वाटायचं, चौथी शिकलेल्या बाईला एवढी मोठी पुस्तकं समजतात, म्हणजे डोकं असणार आपल्याला. आता कळलं, पुस्तकं समजत नव्हती, जाऊबाई समजत होत्या. त्यात काय मोठंसं? त्या तर घरातल्याच.

२३ मार्च

टेबलाला खरं सांगितलं. मला लपवता येत नाही, पोटात दुखतं.

आधी कोणाला पटेना. मग तुरपाईवाली म्हणाली, "फसवलं की आपल्याला." दुसरी म्हणाली, "फसवलं काय, मजा आली ना तुला?" "मजा आली, पण मी ती मजा लेखकाची म्हणून घेतली." बरीच बाचाबाची झाली. इस्त्रीवाली, आश्चर्य म्हणजे, एवढंच म्हणाली, "बाईनं डोकं लावलं होतं मग. आम्ही इथे शर्टांना इस्त्री करत होतो, ती पुस्तकाला."

काजवालीनं मात्र सुई खोचून ठेवली आणि उठून पाण्याच्या माठापाशी जाऊन उभी राहिली. पाणी प्यायली नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "ते जेवताना दाराकडे बघण्याचं, ते पण?"

खानावळीच्या पुस्तकात आत्याबाई म्हणते, पोरगी ज्या घरात जेवताना दाराकडे बघत असते, त्या घरी तिला परत पाठवू नका. मी म्हटलं, आत्याबाईच पुस्तकात नाही, तर ते कुठून असणार?

सुपरवायझरनं विचारलं, खुर्चीचं काय ठरलं? टेबलानं सांगितलं, हिच्या जाऊबाईंचा महिना संपू दे, मग बघू. एवढं तरी झालं.

२७ मार्च, रविवार

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि काजवाली आली. हे उठून बाहेर गेले. ती बसली नाही, दारालाच टेकून उभी राहिली आणि जाऊबाईंना म्हणाली:

"मागच्या वर्षी माझी पोरगी घरी आली होती, ते तुम्हाला माहीत आहे. जावई न्यायला आला. त्याची आई माझ्या उंबऱ्यात बसून रडत होती. नवरा म्हणाला, पाठव. भाऊ म्हणाले, पाठव. मी एकटी नाही म्हटलं. सगळ्यांशी वैर घेतलं. कशाच्या जोरावर? एवढ्या मोठ्या लेखकानं लिहिलंय, छापलंय, म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल, ह्या जोरावर. आता ही सांगते, ते आपल्या टेबलावरच्याच बाईचं बोलणं. मग ते माझ्या नवऱ्याच्या बोलण्याएवढंच झालं ना? मी पोरीचं घर मोडलं की काय?"

मी म्हटलं, "अगं, त्यांना बोलायचं नाहीये, डॉक्टरांनी..."

"मला बोलायला नकोच आहे. मला सांगा, तुम्हाला कसं माहीत?"

जाऊबाईंचा हात ताटावर होता. त्यांनी घास खाली ठेवला. मग मान वर करून दाराकडे बघितलं. काजवालीकडे नाही, तिच्या बाजूनं, दाराच्या कडीकडे. बघतच राहिल्या. मग हात पुसून छातीवर ठेवला.

काजवाली कधी त्यांच्याकडे, कधी भिंतीवरच्या थोरल्यांच्या फोटोकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "किती वर्षं?" जाऊबाईंनी हात झटकला, जाऊ दे असा. काजवालीनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.

मला कोणी काही सांगितलं नाही. थोरले दीर शांत माणूस. गेले तेव्हा सगळी गल्ली लोटली होती. जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, धक्का मोठा बसलाय असं सगळ्या म्हणाल्या. जाऊबाईंना अजूनही दाराकडे तोंड करून बसायची सवय आहे. वारा येतो, जागा बदला, म्हणून मी कितीदा सांगितलं असेल.

२ एप्रिल

मोठं पुस्तक मी संपवलं. अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही.

वाईट नाही. गाजायला काय झालं ते मला कळलेलं नाही, पण वाईट नाही. तो माणूस दार उघडतो एकदाचं, आत काहीच नसतं, आणि मग पुन्हा विचार. पण शेवटाकडे एक पान आलं. न्यायाधीश कोर्टाच्या व्हरांड्यातून चाललेला असतो. ज्याला त्यानं शिक्षा दिली त्याची आई बाकावर बसल्या बसल्या झोपलेली असते. आणि हा माणूस, एवढा मोठा, तिची झोप मोडू नये म्हणून बूट काढून हातात घेतो. एवढंच. तिला कळतही नाही.

ते पान मी पुन्हा वाचलं. ते त्याचं स्वतःचं आहे, तिथे जाऊबाई नव्हत्या. ते एक पान लिहायला त्याला बाकीचं सगळं लिहावं लागलं असेल, तर बिचाऱ्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण आवडता म्हणून मी त्याचं नाव आता सांगणार नाही.

जाऊबाईंना ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि पानावरून हात फिरवला. कापड चांगलं निघालं की आम्ही फिरवतो तसा.

५ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. घसा बरा आहे, पण आवाज एवढाच. कुजबुज. "घरात बोलायला पुरेल," डॉक्टर म्हणाले, "मोठ्यानं वाचायचं मात्र विसरा."

जाऊबाई पहिल्यांदा बोलल्या ते बाहेर रस्त्यावर. मला कान जवळ न्यावा लागला. म्हणाल्या, "धाकटे, खुर्ची गेली गं."

मी म्हटलं, बघते कशी जाते.

रिक्षात त्या बोटं चोळत बसल्या होत्या. एकदा सुई धरून बघितल्यासारखं केलं, अंगठा आणि बोट जवळ आणून. जवळ येत नाहीत.

६ एप्रिल

जाऊबाईंना बरोबर घेऊन गेले. सुपरवायझरनं विचारलं, "वाचता येतंय का?" मी म्हटलं, नाही. "मग?"

मग मी सगळ्या टेबलासमोर सांगितलं. त्या माझ्या कानात सांगतील, मी मोठ्यानं बोलीन. मला पुस्तकात बघायचं नाही, म्हणजे माझे डोळे आणि हात मोकळे. बटणं लावता लावता बोलीन. एकाच बाईचा वाटा तुम्हाला वाटून घ्यावा लागेल, आत्तापर्यंत घेत होतात तेवढाच.

"म्हणजे दोघी मिळून एक बाई," इस्त्रीवाली म्हणाली.

"दीड. मी पूर्ण आहे."

"ते दिसतंच आहे."

सुपरवायझर म्हणाली, "आणि पुस्तक? नुसत्या गप्पा मी चालू देणार नाही."

"पुस्तक त्यांच्यासमोर उघडं राहील. तुम्ही कधीही येऊन बघा."

तुरपाईवाली म्हणाली, "पण आता माहीत आहे की बनवलेलं आहे. मग माझ्या गळ्यात तिचे शर्ट कशाला? पुस्तक असतं तर गोष्ट वेगळी होती." तिला साथ देणाऱ्या दोघी होत्या. जाऊबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

काजवाली हातातला कोट बाजूला ठेवून उठली. जाऊबाईंच्या जागेसमोर रोज जो गठ्ठा येतो तो तिनं उचलला आणि स्वतःच्या पुढ्यात आणून ठेवला.

"सगळा?" सुपरवायझरनं विचारलं.

"सगळा."

"झेपेल?"

"नाही झेपलं तर तेव्हा सांगीन. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी कानात बोळे घालावेत." मग जाऊबाईंकडे न बघता खुर्ची बाहेर ओढली.

इस्त्रीवालीनं थोड्या वेळानं त्या गठ्ठ्यातले चार शर्ट काढून नेले. म्हणाली, "तुझी काजं उशिरा झाली तर माझी इस्त्री थांबते, म्हणून." दुपारपर्यंत तुरपाईवालीनंही दोन नेले. तिनं कारण सांगितलं नाही.

७ एप्रिल

आज पहिला दिवस.

कुठलं पुस्तक उघडायचं ते जाऊबाईंनी ठरवलं. मोठं. मी म्हटलं, अहो, त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कानात म्हणाल्या, "म्हणूनच. आता चोरून घुसायचं नाही."

न्यायाधीशाच्या शेजारी एक घर आहे, तिथून सुरू केलं. त्या एक वाक्य कानात सांगायच्या, मी बटण लावता लावता टेबलाला सांगायची. पुस्तकात शेजारी घर नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी काही म्हटलं नाही. सुपरवायझर येऊन गेली, पुस्तक उघडं बघितलं, जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली गेली नाही.

त्या घरात दोन जावा होत्या, असं जाऊबाईंनी सांगितलं. मी सांगितलं.

थोरलीचा नवरा कधी आवाज चढवायचा नाही. गल्लीत त्याला मान होता. मी सांगितलं.

थोरलीला जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं, आज दार लागल्यावर काय होणार ते. म्हणून ती जेवताना दाराकडे बघायची. हेही सांगितलं. काजवालीची सुई थांबली होती.

मग जाऊबाईंनी कानात म्हटलं, "धाकटीला काही माहीत नव्हतं. धाकटी दिवसभर बडबडायची, हसायची. थोरलीला वाटायचं, या घरात एकीला तरी हसू येतंय. हिला सांगितलं तर तेही जाईल."

माझ्या हातात बटण होतं. दोरा ओवलेला होता.

इस्त्रीवाली म्हणाली, "पुढे? काय म्हणाल्या?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जाऊबाईंनी पुस्तकाचं एक पान उलटलं. उलटायची काही गरज नव्हती. त्या पुढचं सांगेनात, म्हणजे हे सांगायचं की नाही ते माझ्यावर होतं. यांच्या सख्ख्या भावाचं होतं. भिंतीवर फोटो आहे त्याचा.

मी सांगितलं. धाकटीचंही सांगितलं, जसंच्या तसं. माझा आवाज मोठा आहे. इस्त्रीच्या कोपऱ्यापर्यंत गेला.